दोन तोंडांचा कारबोरेटर

"मानसाचं सारं भविष्य इंजिनात हाये, श्रावणभाऊ! ज्याचं इंजिन सुदरलं, त्याची जिंदगी सुदरली!" लच्छू मिस्त्री बॉनेटखालून गरजला. मग सूर उतरवून म्हणाला, "माहा पाना तुमच्या भविष्यात पडला वाट्टे. जरा वाकून पाहा बरं."

श्रावण दुर्गे वाकला. आलापल्लीतल्या लच्छूच्या वर्कशॉपात, म्हणजे एका चिंचेखाली, गेले तीन दिवस तो चालवायचा तो ट्रक पोट उघडं टाकून उभा होता. साल त्र्याऐंशी. बाकीच्यांच्या गाड्या कधीच डिझेलवर गेल्या होत्या. ही मात्र मिलिटरीच्या लिलावातली जुनी पेट्रोल फोर्ड. दुसऱ्या महायुद्धात ती कोणत्या बाजूनं लढली ते कुणालाच माहीत नव्हतं. पण तिच्याकडं पाहिल्यावर हरलेल्या बाजूनं लढली असावी असं वाटे. मालकाला ती विकायची होती. पण घेणारा तेवढा भोळा या जंगलात मिळत नव्हता.

"आतापर्यंत बिचारी बंद नाकानं पळून राह्यली होती," लच्छू पाना पुसत म्हणाला. "हवेची नळी मोठी केली, म्हंजे नाक मोकळं. कारबोरेटर दोन तोंडांचा लावला, म्हंजे एका टायमाले दोन घास. आन् मागं सायलेन्सरचा पाइप रुंद केला."

"तो काऊन?"

"खाल्लेलं कुठीतरी गेलं पायजे ना, भाऊ!"

श्रावण हसला. आठवड्यातून एकदा हसायची संधी त्याला मिळे, ती या वेळी चिंचेखालीच वापरली गेली. बायको कमला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी सत्यशीला सासरी सुखी होती, म्हणजे तिला बापाची फारशी आठवण येत नव्हती. क्लीनर होता, तो दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर झाला. त्यामुळं दर मंगळवारी किराणा भरून भामरागडला जायचं, दुसऱ्या दिवशी हिरडा-बेहडा भरून परत यायचं, आणि वाटेत वानरांखेरीज कुणी ओळख दाखवायची नाही, असा संसार चालला होता.

अपवाद एकच. ताडगावच्या पुढचा चढ.

त्या चढाच्या पायथ्याशी आलं की जुनं इंजिन धापा टाकू लागे. पहिला गिअर टाकला तरी गाडी माणसाच्या चालीनं जाई. तेही दमलेल्या माणसाच्या. पायथ्याशी धुरपताबाईची झोपडी होती. ही विधवा बाई रस्त्याच्या कामावर होती. चढावरच्या खड्ड्यांत गिट्टी भरायची आणि पावसानं ती वाहून नेली की पुन्हा भरायची, हा तिचा आणि पावसाचा जुना व्यवहार. मंगळवारी गाडी आली की ती आपलं घमेलं ट्रकच्या फाळक्याच्या कडीला अडकवी आणि खिडकीला धरून माथ्यापर्यंत चालत येई.

केबिनमध्ये ती कधी बसली नाही. जंगलात माणसं कमी असली तरी जिभा कमी नसतात. श्रावणनंही तिच्यासाठी गाडी कधी थांबवली नाही. पण गाडीच मुळी चालेना, आणि बाई आपल्या रस्त्यावरून चालतेय, याला कोण काय म्हणणार? दोघंही निर्दोष होती. दोष सगळा इंजिनाचा.

"आज का झालं जी, डायवरभाऊ, इले?"

"धाप लागली."

"मांगच्या खेपेले तं खोकून राह्यली होती."

"खोकला बरा झाला. आता धाप."

"मंग काई दवापानी करा ना! किती दिवस अशी वढान?"

"मालक नाई म्हनते."

"मालकाले म्हना, एक दिवस तू चढव!"

असं माथ्यापर्यंत चाले. मधेच इंजिनाच्या आडून कमलाचं नाव निघे. धुरपताचा मुलगा बल्लारपूरला गेला तो दोन होळ्या फिरकला नाही, हेही निघे. मग दोघं घाईघाईनं पुन्हा कारबोरेटरवर येत. श्रावणनं दुरुस्तीसाठी मालकाचा पिच्छा पुरवला तो तिच्याच सांगण्यावरून.

नवा कारबोरेटर लावल्यावरच्या पहिल्या मंगळवारी गाडी पायथ्याशी आली. धुरपता घमेलं घेऊन उभीच होती. "आली का औषिद घेऊन?" असं काहीसं तिनं विचारलं असावं. श्रावणनं ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी जी उधळली, ती थेट माथ्यावर. आरशात त्याला दिसलं, धुळीत धुरपता उभी आहे, घमेलं अडकवायला उचललेला हात तसाच वर आहे.

दुसऱ्या खेपेला त्यानं पायथ्यापासूनच पाय उचलून धरला. पण दोन तोंडांच्या कारबोरेटरला हळू खायची सवय नव्हती. गाडी धक्के देऊ लागली, ठसकली, बंद पडण्याच्या बेतात आली, आणि पाय ठेवताच पुन्हा उधळली. धुरपतानं या वेळी घमेलं उचललं नव्हतं. पदर नाकाला लावून ती कडेला सरकली होती.

श्रावण लच्छूकडं गेला.

"जुना कारबोरेटर लावून दे."

"काऊन? चढत नाई का?"

"चढते."

"मंग?"

"लई चढते."

लच्छूनं हातातला पाना खाली ठेवला. "भाऊ, गाडी चढत नाई म्हनून रडनारे मी लई पाह्यले. चढते म्हनून रडनारे तुमीच पह्यले. जुना तं भंगारात गेला. आता कोनाच्या तरी घरचा तवा झाला असंन."

तिसऱ्या मंगळवारी श्रावणनं आयुष्यात न केलेली गोष्ट केली. चढाच्या मध्यावर, काही कारण नसताना, ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. खाली उतरून कडेचा एक दगड चाकामागं लावला. जंगल एकदम इतकं गप्प झालं की त्याला आपणच मोठा आवाज केल्यासारखं वाटलं.

वरच्या वळणावर धुरपता काम करीत होती. ती घमेलं घेऊनच लगबगीनं खाली आली.

"का बिघडलं जी?"

सवयीनं तोंडात आलं होतं, प्लग. पॅकिंग. जेट. कुठलंही एक नाव घेतलं असतं तर माथ्यापर्यंतचं बोलणं सहज पुरलं असतं. पण ज्या इंजिनाच्या नावावर इतकी वर्षं निभावलं, ते आता ठणठणीत होतं. त्याच्यावर खोटा आळ घ्यायला श्रावणची जीभ वळेना.

"काईच नाई बिघडलं," तो म्हणाला. मग टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमच्यासाठी थांबलो."

धुरपतानं गाडीकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहिलं. खालच्या वळणाकडं पाहिलं, वरच्या वळणाकडं पाहिलं. कुणीच येत नव्हतं. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि हातांची धूळ लुगड्याला पुसली. श्रावणला वाटलं, या चढावर माणसाचं हृदयही पहिल्याच गिअरमध्ये चालतं.

"खरंच काई नाई बिघडलं?" तिनं हळूच विचारलं.

"खरंच."

"मंग गाडी जराशी पुढं घ्या, भाऊ," धुरपता म्हणाली. "मांगचं चाक माह्या आजच्या गिट्टीवर उभं हाये. आन् तो दगडबी माहाच हाये, ढिगावर ठेवून द्या."