कर्णा गप्प झाला, म्हणजे ताई आली

मित्रांनो, या घरात शिरताना दाराच्या उजव्या हाताला एक खुंटी आहे. तिच्यावर धोत्र्याच्या भल्यामोठ्या फुलासारखे काहीतरी उलटे लोंबताना दिसेल. घाबरू नका, तो मीच. मी एक जुना कर्णा आहे, लाऊडस्पीकरचा. माझा रंग उडाला आहे, कडेला पोचा आला आहे, आणि पाठीमागे जिथे माझा गळा होता तिथे आता नुसते भोक उरले आहे. त्या भोकातून वारा जातो-येतो आणि मी हूं हूं करत राहतो. घरातली माणसे म्हणतात, "वारा सुटला वाटतं." वारा कसला? मला बोलायचे असते.

ही खाज जन्माची आहे. कारखान्यात एका कारागिराने पत्र्याची गोल चकती फिरत्या साच्यावर दाबून दाबून मला घडवले. तेव्हा मी असा किंचाळलो की तो शेजारच्याला म्हणाला, "हा गडी काही गप्प बसायचा नाही."

मला विकत घेतले ते आबांनी. आबांचे वडील ढोल बडवत गावभर दवंडी द्यायचे. आबांनी ढोल माळ्यावर टाकला आणि मला तीनचाकी सायकलगाडीच्या कपाळावर दोरीने करकचून बांधले. ढोल गेला तरी लोकांनी घराण्याला दिलेले 'दवंडी' हे नाव काही गेले नाही.

काय काय सांगितले मी या गावाला! उद्या नळाला पाणी नाही. सर्कस आली हो, हत्तीसकट आली. निळ्या फ्रॉकची मुलगी सापडली आहे, स्वतःचे नाव सांगते, आईचे नाव विचारले तर 'आई' सांगते. मी वळणावर आलो की न्हावी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच धरून थांबे. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला श्वास घ्यायची चोरी. बायका फोडणीचा विस्तव बारीक करत. लोक म्हणत, "दवंडीचा कर्णा म्हणजे गावाचा गळा." मला त्याचा ताठा होता. संध्याकाळी फडक्याने पुसून कोपऱ्यात ठेवले की माझा जीव तळमळे. कधी उजाडते आणि कधी ओरडतो, असे होई.

आबांचे दोन नियम होते. पहिला, "शब्द दिला की घसा दिला." जो आधी येईल त्याचे काम, मग राजा आला तरी दुसऱ्याला नाही म्हणायचे. दुसरा नियम म्हणजे शाळा, दवाखाना आणि दोन माणसे जिवाभावाचे बोलत असतील अशी जागा आली की कळ बंद. "जिवाभावाचं बोलतायत हे तुम्हाला कसं कळतं हो?" असे कुणी विचारले की आबा म्हणत, "जवळजवळ उभी असतात."

वर्षानुवर्षे माझ्याखाली बसून बसून आबांचे कान गेले. मग गाडी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मालकाने घेतली. मालकाचा आवाज असा खणखणीत, की माझा पत्रा शहारून उठे. आणि त्याची बायको? तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही. ती शाळेतल्या मुलांचे कपडे शिवायची. अंगाने बारीक, बोलणे बारीक, म्हणून सगळे गाव तिला सुईताई म्हणे. मशीनवर पाय चालवत ती पुटपुटल्यासारखी गाई. कोपऱ्यात बसून मीच काय तो ऐकायचो:

बोल बोलावा हळूच, जसा सुईतला दोरा
फाटकं जोडीत जातो, नाही करीत पसारा.

मला हसू येई. असल्या आवाजाने काय होणार, असे वाटे.

आमच्या गावाच्या कडेने ओढा वाहतो. पलीकडे शाळा. मध्ये चालत जायचा लाकडी पूल, त्याला सगळे साकव म्हणत. त्याच्या फळ्या कुजल्या होत्या. "साकवाचं काम झालंच म्हणून समजा," हे वाक्य नगराध्यक्षांनी दरसाल माझ्याकडून गावाला ऐकवले होते. नगराध्यक्ष म्हणजे वीटभट्टीचे मालक. लोक त्यांना भट्टीशेठ म्हणत. निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी भट्टीशेठ आमच्या दारी आले आणि सगळ्या प्रचाराचे काम मालकाला देऊन गेले. मालकाने शब्द दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालकाची मुलगी शाळेतून येताना साकवाच्या फळीतून खाली गेली. ओढ्याला पाणी कमी होते म्हणून वाचली. हात मोडला.

हाताला प्लॅस्टर घालून मुलीला घरी आणले. दुसऱ्या दिवशी सुईताई शिवण तसेच टाकून कुठेतरी गेली आणि परत येऊन चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, मी अर्ज भरून आले."

"कसला अर्ज?"

"नगराध्यक्षपदाचा."

मालकाने हातातला पाना खाली ठेवला. "अगं, मला आधी सांगायचं तरी. मी शेठना शब्द देऊन बसलोय."

"म्हणूनच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्ही शब्द फिरवला असता. मग लोक म्हणाले असते, दवंडीच्या घरात शब्दाला काही किंमत नाही."

"पण तुझा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही. गावात कसा जाणार?"

"आवाज नाही जात. पाय जातात ना."

आबा दोघांच्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणते सूनबाई?" त्यांनी विचारले. मालक त्यांच्या कानाशी ओरडला, "निवडणुकीला उभी राहिलीय." आबांना त्यातले अर्धेच ऐकू आले. म्हणाले, "उभी कशाला? बस म्हणावं, दमली असेल."

मग सुरू झाले ते दिवस आठवले की अजून माझा पत्रा तापतो. सकाळी दोघे एकाच किटलीतला चहा घेत आणि दोन दिशांना निघत. मालक गाडीवर, सुईताई पायी. गावाला तर आयती करमणूक झाली. न्हावी दुकानातून हाक मारी, "काय दवंडी, आज भाजी कुणाच्या बाजूची?" मालक म्हणे, "भाजी आमची, मीठ विरोधकांचं." सगळे हसत, मालकही हसे. पण गाडी पुढे गेली की पायडलवरचे त्याचे पाय उगाच जोर लावत, आणि खड्ड्याखड्ड्यातून दोरी ढिली होऊन माझे तोंड कधी या घराकडे, कधी त्या घराकडे गरगर वळे.

गाव लहान, गल्ल्या मोजक्या. वळणावळणावर आमची आणि सुईताईची गाठ पडे. ती कुणाच्या तरी दारात उभी असे, चौकटीवर हात टेकून, काहीतरी सांगत. तेवढ्यात मी येई, "भट्टीशेठनाच निवडून द्या" करत. ती बोलता बोलता थांबे. आम्ही जाईपर्यंत ओठावर थोडे हसू धरून उभी राही. तोवर घरातली बाई, "दूध उतू जाईल हं," म्हणत आत गेलेली असे. सुईताईचे अर्धे वाक्य उंबऱ्यावरच राही. ती पुढच्या दारी जाई, आणि पुढच्या दारीही आम्ही असूच.

घरी ती अवाक्षर बोलली नाही. मशीनवरचे तिचे पाय तेवढे पूर्वीपेक्षा जोरात चालू लागले. मालक ताटावर बसे आणि भाकरीचे तुकडे नुसतेच मोडत राही. मी कोपऱ्यात. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटू लागले, उद्या उजाडूच नये.

एके दुपारी आम्ही ओढ्यावर पोचलो. सुईताई साकवापाशी होती. धुणे धुणाऱ्या चार-पाच बायका तिच्याभोवती अगदी जवळजवळ उभ्या. शेजारी प्लॅस्टरातला हात सांभाळत मुलगी. मालकाने माईक तोंडाशी धरला. पुढचे वाक्य ठरलेले होते, साकवाचं काम झालंच म्हणून समजा. सुईताई बोलायची थांबली, सवयीने.

आणि कळ बंद झाली. टक्.

मला कळेना काय झाले ते. गाडी तशीच पुढे चालली, नुसती साखळी कुरकुरत होती. आणि मागून, मित्रांनो, मला सुईताईचे अख्खे वाक्य ऐकू आले. "तुम्ही इथून रोज जाता. कुठली फळी हलते ते मला दाखवा." लगेच एक बाई म्हणाली, "ही बघ, आणि ती पलीकडची. त्या फळीवर तर मी पायच देत नाही."

त्या दिवसापासून मालकाने तोच नेम धरला. दिवसभर भट्टीशेठचा जयजयकार, पण सुईताई दिसली की टक्. मी आतल्या आत नुसता धुमसायचो. अर्ध्या शब्दावर गळा दाबला की कुणाला बरे वाटते? पण एक गंमत झाली. आधी ती पोरांच्या लक्षात आली. ओरडत येणारा कर्णा मध्येच मुका झाला की जवळपास सुईताई असणारच. पोरे गल्लीतून धावत सुटली, "कर्णा गप्प झाला, म्हणजे ताई आली!" मग खिडक्या उघडू लागल्या. बेकरीवाला पिठाचे हात घेऊन बाहेर येई. न्हावी गिऱ्हाइकाला साबण लावून तसाच रस्त्यावर. मागे साबणासकट गिऱ्हाईक. इतकी वर्षे ओरडून मी वस्तरे थांबवले होते, फोडण्या थांबवल्या होत्या, पण माणूस असा घराबाहेर काढला नव्हता. आता गप्प बसून काढत होतो.

भट्टीशेठना हे कळायला किती वेळ लागणार? पुतण्याला घेऊन ते घरी आले.

"दवंडी, काम माझं घेतलंस आणि प्रचार बायकोचा करतोस?"

"शेठ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमचंच नाव घेतोय. बायकोचं एवढं कधी घेतलं नाही."

"मग तिच्यासमोर का घेत नाहीस?"

"कुणी बोलत असलं की मध्ये बोलू नये. आबांची शिकवण आहे. आधीपासूनची आहे, तुमच्यासाठी काढलेली नाही."

पुतण्या म्हणाला, "काका, उद्या गाडीवर मी बसतो. बघू कसा गप्प बसतो कर्णा."

तो प्रचाराचा शेवटचा दिवस होता. बाजारचौक भरला होता. सुईताई मधोमध उभी होती, आणि तिचा आवाज तो एवढासा. म्हणून लोक एकमेकांना चिकटून उभे होते. पुढच्यांनी ऐकलेले मागच्यांना सांगायचे, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. तिचे बोलणे माणसामाणसांतून दोरा ओवावा तसे चौकाच्या कडेपर्यंत जात होते. तेवढ्यात आमची गाडी आली. मालक पायडलवर, माईक पुतण्याच्या हातात. सुईताई थांबली. मालक म्हणाला, "अहो, राहू द्या, ती बोलतेय." पुतण्याने आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली आणि जीव खाऊन ओरडला, "मतदार बंधूंनो—"

एवढा आवाज मी आयुष्यात कधी पेलला नव्हता. माझ्या गळ्यातला बारीक पडदा थरथरला, ताणला गेला आणि फट् करून फाटला. पाठीमागून जळका वास आला. पुतण्याचे ओठ हलत राहिले. चौकात कुणालाच काही ऐकू येईना.

सुईताईने माझ्याकडे पाहिले. ओळखीचे माणूस पडले की बघतात तसे. मग ती लोकांकडे वळली. "तर मी विचारत होते, साकवाला कुठलं लाकूड टिकेल? सुतारमामा, तुम्ही सांगा ना." आणि सगळा चौक एकदम लाकडावर बोलू लागला.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, ती निवडून आली. नाही आली.

दर निवडणुकीचा निकाल मीच गावाला सांगत असे. त्या वेळी तो तोंडातोंडी गल्ल्यांतून फिरत सुईताईच्या आधी घरी पोचला. आबा पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "काय झालं? काय झालं?" जो तो ओरडून सांगे, आणि आबांना नुसती उघडी तोंडे दिसत. तेव्हा मुलीने मला गाडीवरून सोडले. जळका गळा पिळून काढून टाकला आणि माझे निमुळते टोक आबांच्या कानाला लावले. तेवढ्यात सुईताई आली. तिने चपला काढल्या, पायरीवर टेकली आणि माझ्या रुंद तोंडाशी तोंड आणले.

"मामंजी, मी पडले. थोडक्यात पडले."

माझ्यातून किती आवाज गेले असतील. इतका मऊ कधी गेला नव्हता. आबांनी मला दोन्ही हातांनी धरले. मग म्हणाले, "हा आवाज कुणाचा?"

"माझाच. तुमच्या सुनेचा."

"इतकी वर्षं या घरात आहेस, आणि तुझा आवाज मला आज ऐकू येतोय." त्यांनी मला कानाशी आणखी घट्ट धरले. "बोल अजून."

"काय बोलू?"

"काहीही बोल. पण असंच, हळू."

भट्टीशेठना खुर्ची मिळाली, पण सुख मिळाले नाही. जो भेटेल तो विचारी, "शेठ, साकवाला लाकूड कुठलं घेताय?" न्हाव्याने गालाला वस्तरा लावून तेच विचारले म्हणतात. शेवटी साकव झाला. तो झाल्याची दवंडी कुणी दिली नाही. मुलगी एक दिवस पळत पलीकडे गेली आणि पळत परत आली, एवढेच. संध्याकाळी सुईताई जाऊन एकेका फळीवर पाय आपटून आली. एक फळी हलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नगरपालिकेच्या दारात उभी.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. मालकाने नवा कर्णा आणला आहे, प्लॅस्टिकचा, पिवळाधमक. यंदा त्याने कुणालाच शब्द दिलेला नाही. काल तो सुईताईला म्हणाला, "या खेपेला तुझ्यासाठी बांधू का गाडीला?" ती म्हणाली, "बांधा. पण मी बोलत असले की बंद ठेवा." तो हसला. तिने मान वर केली नाही, तिचे पाय मशीनवर चालूच होते.

मित्रांनो, मोठ्याने बोलणाऱ्याला सगळे जपतात. मला रोज पुसत, पावसात माझ्यावर ताडपत्री टाकत. तुमच्या घरात, वर्गातही कुणी बारीक आवाजाचे असेल. त्याला 'मोठ्याने बोल' म्हणण्याआधी तुम्हीच एक पाऊल जवळ जा. मी खुंटीवरून एवढेच मागतो.

माझी खाज मात्र गेलेली नाही, खोटे कशाला सांगू? नवा कर्णा गल्लीतून ओरडत गेला की मी खुंटीवर थरथरतो. मग दिवेलागणीला सुईताई गावभर फिरून दमून येते, मला खाली काढते आणि कुणी काय सांगितले ते आबांना सांगू लागते. तेव्हा माझ्या भोकावर आबांचा कान असतो. वारा आत शिरत नाही. तेवढा वेळ मी गप्प असतो.