खदिजाचे थेंब

रहिमतुल्लाचे डोळे पिवळे झाले आणि बहारीनमधल्या सनद गावच्या त्या दोन खोल्यांतलं हसणं बंद झालं. मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचा तो फोरमन. व्हिसा रिन्यूची मेडिकल तोंडावर आलेली. पिवळ्या डोळ्यांनी मेडिकलला गेलं की थेट घरी रवानगी, असं वर्कशॉपमधला जो तो छातीठोकपणे सांगायचा. खरं-खोटं करायला कुणी गेलं नव्हतं. तेव्हा दवाखान्याचं नाव काढायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि बायको कामाला लागली.

कारण कावीळ ही खदिजाच्या माहेरची मिरासदारी. दाभोळजवळच्या गावात तिची आई देवडांगरी या कडू वेलीचं सुकं फळ रात्रभर भिजवायची आणि गाळलेल्या पाण्याचे थेंब रोग्याच्या नाकात सोडायची. नाकातून पिवळं पाणी गळायचं, लोक दुवा देत घरी जायचे. पण बहारीनच्या वाळूत देवडांगरी आणायची कुठून?

आणली रहिमतुल्लानंच. वर्कशॉपमध्ये स्टेलिओस नावाचा सायप्रसचा इंजिनियर होता. घरच्या ओढीनं त्यानं तेलाच्या डब्यात आपल्या बेटावरचं एक रोप वाढवलं होतं. त्याला बोटाएवढी, खरबरीत, काकडीसारखी फळं. हात लावला की फटकन सुटून बिया उडवायची. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका हे काविळीला नाकात घालतात, असं तो म्हणाला. कसं घालतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

"अवो, ही तर आपलीच देवडांगरी!" खदिजा फळ हुंगत म्हणाली. "जरा ठेंगणी हाय, एवढाच."

आपलीच म्हणे! कडूपणा सारखा, नाकात घालायची रीत सारखी, एवढ्यावर बाईनं सोयरीक जुळवली. आईचं फळ सुकं असायचं, पाण्यात मुरलेलं असायचं, हे तिला आठवत होतं. पण ताजा रस जास्त गुणाचा, असं तिनं स्वतःच ठरवलं आणि नवऱ्याच्या दोन्ही नाकपुड्यांत पिळला.

पाणी आलं. चांगलं पिवळंधमक.

"बगा, पानी आला!" तिचा आनंद गगनात मावेना. आई असती तर पाठीवर हात ठेवला असता, असं वाटून तिला रडूच आलं.

"खदिजा, मना..." रहिमतुल्लानं गळा धरला. पुढचा शब्द फुटला नाही. घशातून नुसती शीळ येऊ लागली, ओठ निळे पडले. तिनं टाहो फोडला तसा शेजारचा इलियास धावला. त्यानंच त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं.

"क्या दिया इनको? जल्दी बोलो!" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई ओरडल्या.

रहिमतुल्लानं मान हलवली. सांगू नको. श्वास संपत आला होता आणि हा माणूस व्हिसा सांभाळत होता! खदिजानं कावीळ, फळ, रस, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली.

तो वाचला. रवानगीही झाली नाही. कंपनीनं मुकाट्यानं सिक लीव्ह दिली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला जवळ बसवलं. त्या झाडात औषध असेलही, म्हणाल्या. लॅबमध्ये लोक तपासतायत. पण किती द्यायचं, कसं द्यायचं हे कळेपर्यंत ते विषच.

"पर पीला पानी तो निकला ना?"

"वो जली हुई नाक का पानी है. पीलिया ऐसे नहीं निकलता. ज़्यादातर अपने आप जाता है."

म्हणजे आईचंसुद्धा? गावानं इतकी वर्षं दिलेल्या दुवा? तिनं विचारलं नाही. तिला भीती वाटली.

नळी निघाली. कावीळही तोवर उतरली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. भेटायला माणसं जमली तेव्हा रहिमतुल्ला घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला, "खदिजाच्या थेंबांनीच गेली."

खदिजा सगळ्यांदेखत म्हणाली, "माज्या थेंबांनी यांचा गला बंद झाला. यांना मारलाच होता मी."

माणसं हसली. निळ्या पडलेल्या रहिमतुल्लाला ज्यानं स्वतः उचलून आणलं होतं, तो इलियासही हसला.

"भाभी, किती कमीपणा घेशील!" तो म्हणाला. "माज्या पोरीचे डोले पिवले दिसतंत. बाहेर बसवलाय तिला. आनू आत?"