फ्रिजवर ठेवलेलं औषध

मी दुखणं कमी करणाऱ्या गुलाबी औषधाची बाटली. तारकर्लीच्या एका घरात फ्रिजवर उभी आहे, अजून निम्मी भरलेली. माझं काम पुरं झालंच नाही, ते कसं ते सांगते.

सहा वर्षांच्या क्लाइव्हचे टॉन्सिल काढले, तेव्हा मला या घरात आणलं. दवाखान्यातल्या नर्सने त्याच्या आईला, सँड्रीनाला, बजावलं होतं, "मूल रडलं नाही तरी वेळेवर औषध द्या. चार दिवसांनी दुखणं उलट वाढतं. आणि पाणी पिणं अजिबात बंद होऊ देऊ नका."

सँड्रीनाने तसंच केलं. माझं एक माप पोटात गेलं की थोड्या वेळाने क्लाइव्ह शहाळ्याचं पाणी प्यायचा, मऊ भात खायचा. अंगणात मांजरामागे धावायलाही लागला.

ते बघून त्याचा बाप, कायतान, म्हणाला, "आता बरो झालो मा तो? मगे औषध कित्याक? सवय लागात."

"नर्सबायन सांगलेला, बंद करू नको म्हणान."

"माझो झिल धीराचो आसा," म्हणत कायतानने मुलाची पाठ थोपटली आणि मला उचलून फ्रिजवर ठेवलं. माणूस वाईट नव्हता. लहानपणी त्याचंही दुखणं कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आणि मग दुखणं वाढलं. घसा, कान, सगळंच. क्लाइव्ह रडला. "पुरुषासारखो पुरुष आणि रडतस?" कायतान म्हणाला. पोरगा गप्प झाला. त्या गप्प बसण्याला घरात सगळे धीर समजले. मला वरून दिसत होतं, तो आवंढा गिळायला लागू नये म्हणून थुंकी रुमालात पुसायचा. पाणी तोंडाला लावायचा आणि कुणाचं लक्ष नसताना कुंडीत ओतायचा. ओठ फाटले. लघवीला जाणं जवळजवळ थांबलं.

सँड्रीनाला ते कळलं, तेव्हा तिने नवऱ्याला न विचारता मला खाली काढलं. "एकच घोट घे रे बाबा." पण आता औषधही गिळवेना. सगळं तिच्या हातावर सांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं, आणि थांबेना. कायतानने पोराला तसंच उचलून गाडीत घातलं. पुन्हा ऑपरेशन झालं, बाहेरचं रक्त चढवावं लागलं. हे सगळं सँड्रीनाने नंतर शेजारणीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, "रक्त कुणालाही येऊ शकतं. पण दुखतं म्हणून पाणी पिणं सुटलं की धोका वाढतो."

क्लाइव्ह वाचला. घरी आला, शाळेत जायला लागला.

परवा मात्र तो लंगडताना दिसला. कायतानने त्याची चप्पल काढली, तर किनाऱ्यावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने तळवा खोल चिरला होता. जखम जुनी होती, पू झाला होता.

"सांगूक नाय कित्याक रे माका?"

क्लाइव्हने पाय मागे ओढला. "माका दुखणा नाय, पप्पा."

कायतान जमिनीवर बसला. त्याचा हात पोराच्या पायाकडे गेला, पण पोराने पाय पुढे केला नाही.

माझी तारीख आता उलटून गेली. मला कधीही फेकून द्या. पण तुमच्या घरात मूल दुखतंय म्हणालं, तर त्याला धीराचं कौतुक सांगू नका. आधी त्याचं दुखणं ऐकून घ्या.