एकट्यापुरती गादी

"मास्तर, किती दाबून बघाल? फोम आहे तो, वैरी नाही तुमचा!" मालक म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा कोपर फोममध्ये रोवलं, उचललं आणि खळगा कसा भरून येतो ते बघत राहिले. गाद्यांच्या या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुणाच्या पाठीला काय मानवेल, हे ते माणूस दारातून आत येतानाच ओळखत. पण ही गादी त्यांच्या बायकोसाठी होती. लकव्याने तिची उजवी बाजू गेली होती आणि पडून पडून माकडहाडापाशी कातडी लाल व्हायला लागली होती.

"नुसती मऊ केली तर कंबर खाली जाईल," ते मालकांना सांगू लागले, खरं तर स्वतःलाच. "नुसती कडक केली तर हाडं टोचतील. खाली काथ्या घेतो, म्हणजे बैठक पक्की. मध्ये दाट फोम, अंग तोलून धरायला. वर मऊ थर. टाचांखाली अजून मऊ."

"लागेल ते घ्या, विचारत बसू नका."

सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी थर चिकटवले, खोळ चढवली, कडेचे टाके हाताने घातले. रुंदी मात्र कमी ठेवली. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं होतं, कूस बदलताना दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे.

घरी मुलीने आणि जावयाने बायकोला अलगद उचलून एकेरी पलंगावरच्या नव्या गादीवर ठेवलं. मास्तर निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे उभे होते.

"कसं वाटतंय?"

"पाठीला कुणीतरी धरल्यासारखं," ती म्हणाली. शब्द जड येत होते, पण कळत होते. "हात बसलाय हो तुमचा."

"एवढ्या वर्षांनी कळलं होय?"

मुलगी हसली आणि डोळे पुसत आत गेली. बायकोचा डावा हात गादीवरून सरकत सरकत काठापर्यंत आला. पुढे काहीच नव्हतं.

"अहो, तुम्ही कुठे झोपणार?"

मास्तरांनी त्या काठाकडे पाहिलं. डोक्यापासून टाचेपर्यंत सगळा विचार केला होता, हे मनातही आलं नव्हतं. लग्न झाल्यापासून दोघं एकाच गादीवर झोपत आली होती. भांडण झालं तर पाठीला पाठ लावून, पण तिथेच.

"मी काय, खाली अंथरेन. इथेच आहे की."

"हं." तिने मान दुसरीकडे वळवली.

"जोड लावतो कडेला. उद्याच लावतो."

"नको. जोडात फट पडते. तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना."

मग सुट्टीच्या दुपारी मुलगी बाजारात गेली की मास्तर पलंगाला स्टूल लावून कसेबसे तिच्या शेजारी आडवे व्हायचे. अर्धं अंग गादीवर, अर्धं स्टुलावर.

"पडाल हो!"

"पडलो तर तू उचल."

ती अर्ध्या ओठांनी हसायची. आजारात तेवढंच तिचं हसू उरलं होतं.

पाठीची लाली ओसरली. नर्सबाईंनी गादीची तारीफ केली. पण पाठ सावरली तरी छाती कफाने भरत गेली आणि एका सकाळी मुलगी चहा घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं. मास्तर खालीच झोपले होते, हातभर अंतरावर. मुलीच्या किंकाळीने जागे झाले. शेजारी असतो तर कळलं असतं, निदान हात तरी धरला असता, हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

"बाबा, आईच्या पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता," मुलगी नंतर म्हणाली.

कामावर परतल्यावर काही दिवसांनी मालक संकोचतच त्यांच्याजवळ आले. "एक बाई अंथरुणाला खिळल्यात. वहिनींसाठी केली होतीत तशी गादी मागतायत त्यांच्या घरचे. जमेल का? नसेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

"करतो."

मास्तरांनी फोम टेबलावर पसरला आणि खडूने रेघ मारली. मालक बघत होते.

"मास्तर, रुंद होतेय. एकट्या बाईसाठी आहे ती."

"नवरा आहे ना त्यांना?"

"आहे."

मास्तरांनी पट्टी रेघेवर दाबून धरली आणि सुरी ओढली.