मकनीनचा नवा पिंजरा

आठ दिवस खपून माझ्या भावाने, लोत्फीने, मकनीनसाठी नवा पिंजरा केला. अल्जेरियातल्या आमच्या अन्नाबा शहरात हा चिमणीएवढा, लाल तोंडाचा पक्षी गल्लोगल्ली गातो, पण लोत्फीने जीव लावला तसा कुणी लावला नसेल. आम्हाला तर हात लावायचीही बंदी होती.

गुरुवारी त्याने पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगला. जुन्याच्या दुप्पट मोठा. बसायला अंजिराच्या फांद्या, एक जाड, एक बारीक, म्हणजे पायांना घट्टे पडत नाहीत. चोच घासायला समुद्रफेण, अंघोळीला उथळ वाटी, वाऱ्याच्या अंगाला फळी.

"आई, इकडे ये. कारळे रोज दोन चमचे. जवस आठवड्यातून एकदाच, नाहीतर जाडा होईल हा. पाणी सकाळी बदलायचं."

"मला कशाला सांगतोस? मी जवळ गेले तरी घर डोक्यावर घेतोस."

"आजपासून परवानगी!" तो हसला.

आई हसली नाही. मी रव्याची भाकरी भाजत होते, माझा हात तव्यावरच थांबला. त्याने दाण्यांचा डबा उघडून दाखवला. गच्च भरलेला.

"हिवाळा निघेल यात," तो म्हणाला.

आई हळूच स्टुलावर टेकली. "लोत्फी, बोटीत आणखी कोण आहे?"

"कसली बोट? तू टीव्ही बघणं बंद कर बघू."

"खालच्या मजल्यावरचा पोरगाही असाच गोड वागायला लागला होता. अख्खं घर रंगवून दिलं आणि एका रात्री चोरून बोटीने युरोपला गेला."

लोत्फीने वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला. "उद्या कुसकुस कर. भोपळा जास्त घाल."

शुक्रवारी तो वरच्या शकीबला घेऊन नमाजाला गेला. आईने ताट वाढून ठेवलं. तीन वाजले, चार वाजले. त्याच्या खोलीत गेले तर फोन उशीवर, बंद करून ठेवलेला. खिडक्या वाऱ्याने आपटत होत्या. समुद्र खवळलाय हे घरात बसून कळत होतं.

शकीबची आई, तौस खाला, खाली आली ती तिथेच राहिली. दोघी बायका एका चटईवर बसून होत्या. आई सकाळी पक्ष्याचं पाणी बदलायची आणि पुन्हा येऊन बसायची.

सोमवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. आईने उचलला.

"आई, मी लोत्फी. इटलीत, सार्डिनिया बेटावर आहे. इंजिन बंद पडलं, बोट उलटली... अकरा होतो आम्ही." तो हुंदके देत होता, मी आईला चिकटून फोनला कान लावला होता म्हणून ऐकू येत होतं. "शकीबला मी धरून ठेवलं होतं. खूप वेळ धरलं, आई."

तौस खालाने उजळलेल्या तोंडाने हात पुढे केला. "लोत्फीच ना? दे इकडे. माझं पोरगं जवळच असेल त्याच्या."

आईने फोन दिला नाही. तिने तो पुढे आलेला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.