मुकादमांनी सोडलेलं झाड

नगरपालिकेच्या उद्यान खात्यातले मुकादम झाडांच्या बाबतीत भलते कडक होते. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाची छाटणी एक वर्षाआड झालीच पाहिजे, मग झाडामागे राहणारा वकील असो, डॉक्टर असो, नाही तर खुद्द साहेबांचा मेहुणा असो. लोक भांडायला येत. आमची सावली गेली म्हणत, झाड बोडकं केलंत म्हणत. मुकादम सगळं शांतपणे ऐकून घेत आणि करवत सुरू करत. त्यांचंही बरोबर होतं. सगळं शहर वसलेलं चिकणमातीवर, आणि ही माती मोठी लहरी. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. डेरेदार झाड उन्हाळाभर मुळांनी पाणी ओढतं, खालची माती सुकून बसते आणि तिच्याबरोबर घराचा पायाही बसतो. पाया बसला की भिंत कुठे ना कुठे उकलणारच. टोळीत नवा माणूस आला की मुकादम त्याला पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवत, "पानं कमी, तर तहान कमी." दुसरं वाक्य शिकवायची वेळ सहसा येत नसे.

असा हा कडक माणूस एका झाडापुढे मात्र शेपूट घालायचा. ते झाड त्यांच्या सासूबाईंच्या दारासमोर होतं.

आता झाड नगरपालिकेचं, रस्ता नगरपालिकेचा, करवतही नगरपालिकेची. पण हुकूम सासूबाईंचा. लग्नानंतरच्या पहिल्याच छाटणीला मुकादम टोळी घेऊन त्या अरुंद गल्लीत शिरले, तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "जावईबापू, बाकी गल्ली खुशाल भादरा. याच्या पानाला हात लावायचा नाही." कारण समोरच्या घरात सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण राहत होती आणि दोघींचं बोलणं बंद होतं. दोघींच्या खिडक्या अगदी समोरासमोर. मध्ये हे झाड होतं म्हणून बरं, नाही तर रोज सकाळी दात घासताना एकमेकींचं दर्शन घडलं असतं.

भांडण कशावरून झालं ते मुकादमांना माहीत नव्हतं. बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "त्या दोघींचं त्या बघून घेतील. तुम्ही मध्ये पडू नका." मुकादम तसेही मध्ये पडणाऱ्यांतले नव्हते. त्यांना आपलंच पुरेसं होतं. सासूबाईंना आपण मनापासून पसंत नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. ते घरी गेले की सासूबाई पाणी देत, तब्येत विचारत आणि मग खिडकीकडे तोंड करून गप्प बसत. निदान झाडाच्या निमित्ताने तरी मर्जी राखावी, असा मुकादमांनी विचार केला. दर वर्षाआड गल्ली नीटनेटकी होत गेली, आणि हे एक झाड माहेरी आलेल्या लेकीसारखं ऐसपैस पसरत गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका लांबलेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या खिडकीशेजारच्या भिंतीत भेग पडली. खाली केसाएवढी, वर गेली तर बोट शिरेल एवढी. सासूबाईंनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं. भेग कॅलेंडरच्या बाहेर आली, तेव्हा त्यांनी कपाट सरकवलं. मग दार अडकून बसायला लागलं आणि दारावर काही टांगता येईना, म्हणून शेवटी त्यांनी मुलीला सांगितलं.

नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी भिंत पाहिली, मग झाड पाहिलं, मग बाहेर जाऊन सगळी गल्ली पाहिली.

"बाकीची झाडं कशी केस कापून शाळेत निघाल्यासारखी आहेत," त्या मुकादमांना म्हणाल्या. "हे एकटंच कसं सुटलं?"

"जरा राहून गेलं."

"किती वर्षं राहून गेलं?"

मुकादम आभाळाकडे बघायला लागले. बाईंनी पुढे विचारलं नाही, त्या समजूतदार होत्या. त्यांनी भेगेवर बाहेरून आडवी एक पातळ काचपट्टी बसवली आणि तिची दोन्ही टोकं भिंतीत पक्की केली. भिंत हलली की काच तडकणार, म्हणजे कोणाला अंदाज बांधत बसायला नको. मग त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "झाडाचा घेर निम्म्यावर आणायचा आणि तो तसाच राखायचा. पुढचा उन्हाळा काच टिकली तर घर वाचलं. तडकली, तर पाया खणून खोल न्यावा लागेल, घर रिकामं करावं लागेल. आणि आजी, घर जुनं आहे. खणल्यावर परत इथे राहता येईल, असं मी सांगू शकत नाही."

"मी कुठेही जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "भिंत पडायची असेल तर माझ्यासमोर पडू दे."

घरी येताना बायको रिक्षात रडली. मुकादमांना तर तोंड दाखवायला जागा उरली नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं लोक म्हणतात. इथे कुऱ्हाड न चालवल्यामुळेच गोत उघड्यावर यायची वेळ आली होती. उभ्या शहराची घरं सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्या सासूचं घर झाडाच्या हवाली केलं, आणि ते कशासाठी, तर दोन शब्द गोड ऐकायला मिळावेत म्हणून. तेही मिळाले नव्हते.

माणसाला उंच फांद्यांपर्यंत उचलणारी टोळीची पाळण्याची गाडी होती, तिच्यावरचा ड्रायव्हर मोठा तोडगेबाज. तो म्हणाला, "मुकादम, मुळापासून उडवू या. कटकटच संपली."

"संपतेय कशाची? इतकी वर्षं सुकलेली माती आहे ती. झाड गेलं की सगळं पाणी तिचंच. फुगेल आणि आज खाली बसलेलं घर उद्या वर उचलेल. अशा झाडाला घालवून चालत नाही. कलाकलाने कह्यात ठेवावं लागतं."

"म्हणजे सासूसारखं."

"तू गाडी चालव," मुकादम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सासूबाईंकडे गेले. सासूबाईंनी रात्रभरात तोड काढून ठेवली होती. "माझ्या बाजूच्या फांद्या काढा," त्या म्हणाल्या. "तिच्या बाजूच्या राहू द्या."

"आई, मग झाडाचा सगळा भार तिकडे जाईल. एखाद्या वादळात ते मावशींच्या छपरावर आडवं होईल."

सासूबाईंनी यावर थोडा वेळ विचार केला. त्या विचार करतायत हे मुकादमांना मुळीच आवडलं नाही.

"नाही," ते म्हणाले. या घरात हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता, त्यामुळे तो जरा मोठ्याने निघाला. "आजवर तुमचं ऐकलं, ती माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं ते रागाने सांगितलं, पण मला झाडातलं कळत होतं, मी ऐकायला नको होतं. आज मी विचारायला आलेलो नाही. गाडी उद्या सकाळी येईल. चारी बाजूंनी सारखी छाटणी होईल."

सासूबाईंनी वितीने खिडकी मोजली. मग म्हणाल्या, "परवा येऊ द्या. मला पडदे शिवायला एक दिवस लागेल."

ठरल्या दिवशी सकाळी मुकादम स्वतः पाळण्यात चढले. दुसऱ्या कोणाच्या हाती ते झाड द्यायची त्यांची तयारी नव्हती. सरसकट शेंडे उडवले की झाड चिडतं आणि दुप्पट फुटतं, म्हणून त्यांनी एकेक फांदी मागे, तिला फुटलेल्या पोटफांदीपर्यंत नेऊन कापली. झाड लहान झालं पण झाडच दिसत राहिलं. फांद्या दोरावरून खाली उतरत होत्या आणि गल्लीत ऊन उतरत होतं. असं करता करता पलीकडचं घर दिसायला लागलं, आणि मुकादमांनी करवत बंद केली.

मावशींच्या खिडकीशेजारीही भेग होती. पुट्टी भरून वर रंग दिलेला, पण रंगाची छटा चुकलेली, त्यामुळे ती लपण्याऐवजी लांबूनही ठसठशीत दिसत होती. बरोबरच होतं म्हणा. झाड काही एकाच बाजूचं पाणी पीत नाही, आणि बहिणी भांडल्या म्हणून त्याची मुळं रस्ता ओलांडायची थांबत नाहीत. खिडकीत मावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. इकडे सासूबाईंचा नवा पडदा बोटभर सरकला. दोघींनी आधी एकमेकींच्या भिंती पाहिल्या, मग एकमेकींना पाहिलं, आणि दोन्ही खिडक्या धाडकन बंद झाल्या. अधांतरी लटकलेल्या मुकादमांनी निमूटपणे पुढची फांदी धरली.

इंजिनिअर बाईंना घेऊन ते मावशींकडेही गेले. मावशींनी दार उघडलं, मुकादमांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बाईंनी तिथल्या भेगेवरही काच बसवली.

नवे पडदे जेमतेम आठवडाभर टिकले. मग सासूबाईंना वाटायला लागलं की घरात अंधार होतो. त्यानंतर मुलीला रोज फोन.

"तिची भेग माझ्यापेक्षा मोठी आहे."

"बरं, आई."

"लहानपणापासून तिचं सगळं माझ्यापेक्षा मोठंच असायचं. आज तर तिने काच पुसली. काच पुसायची असते का कधी? हात लागून तडकेल. तिला सांगा कोणीतरी."

"तूच सांग ना खिडकीतून."

फोन कट.

पाऊस पडून गेला, माती भिजली, सुताराने तासल्यावर अडकलेलं दार सुटलं. पण खरी परीक्षा पुढे होती. उन्हाळा लागला तसे मुकादम काही ना काही कारण काढून रोज त्या गल्लीतून जायला लागले. ऊन वाढलं की दिवसातून दोनदा जायचे. काच शाबूत दिसली की पुढे सटकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. झाड आपलं मजेत होतं. कोवळी, थोडीशी पालवी घेऊन आपल्यापुरतं पाणी पीत उभं होतं.

उन्हाळा सरत आला तशा इंजिनिअर बाई परत आल्या. दोन्ही घरं तपासली आणि भर रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "दोन्ही काचा शाबूत. गेल्या उन्हाळ्यापासून भेगा केसभरही वाढल्या नाहीत. आता पक्क्या बुजवा आणि सुखाने राहा. फक्त छाटणी चुकता कामा नये."

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बायकोने त्यांना मिठी मारली. आणि समोरून मावशी रस्ता ओलांडून आल्या, त्या थेट उंबऱ्यापर्यंत.

"ताई, घर राहिलं."

"राहिलं."

"माझंही राहिलं."

"माहीत आहे. खिडकीतून सगळं दिसतं आता."

मावशी मुकादमांकडे वळल्या. "मी तुमच्याबद्दल एकदा बोलले होते. तुमच्या लग्नाआधी. झाडावर चढून पोट भरणाऱ्याला कशाला मुलगी देतेस, उद्या पडला तर पोरीचं काय, असं. ताईने मला तेव्हाच दाराबाहेर काढलं. माझ्या जावयाला नावं ठेवणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही, म्हणाली. आज माझं छप्पर तुम्ही वर चढलात म्हणून राहिलंय. माझं चुकलं होतं."

मुकादमांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, म्हणजे तिला ठाऊक होतं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगून काय झालं असतं? झाडावर चढायचं सोडलं असतंत?"

"नाही."

"मग?" सासूबाईंनी पदराने उगीचच चौकट पुसली. "सांगितलं असतं तर तुम्ही आमच्या घरी यायला संकोचला असतात. तुम्ही आलात की मला या माझ्या बहिणीची आठवण यायची. म्हणून गप्प बसायचे मी. तुमच्यावर राग कसला असणार?"

मुकादमांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. इतकी वर्षं ते या घरात जे उपऱ्यासारखं वागले, त्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. 'बसा' म्हटल्याशिवाय ते या घरात कधी बसले नव्हते. त्यांनी एक खुर्ची ओढून मावशींना दिली, दुसरी ओढून स्वतः बसले आणि म्हणाले, "आई, सगळ्यांना चहा टाका. माझ्यात साखर जरा जास्त."