सूर्याकडे धरायचा रुमाल

स्पर्धेचं नाव छापायचं नाही. चिन्ह छापायचं नाही. करंडक तर नाहीच, करंडकासारखी दिसणारी फुलदाणीसुद्धा नाही. शहराचं नाव आणि यंदाचं साल शेजारीशेजारी आलं, तरी ते आयोजकांच्या मालकीचं. एवढं वगळून जे उरेल त्यावर मला चित्र काढायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची मजा वाटत होती.

आमचं छपाईचं दुकान आहे, माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं. खाली छपाई, वर घर. दोन्ही वडिलांनी मागे ठेवलेलं. चित्र मी काढते, कापडावर तो उतरवतो. कामाला वाघ आहे, पण हात इतका आखडता की भोक पडलेला मोजाही टाकवत नाही. मी त्याला चिंगूस म्हणते. तो मला हेडबाई म्हणतो.

काम आणलं ते एका रंगाच्या कंपनीच्या जाहिरातवाल्या साहेबांनी. स्पर्धेचे प्रायोजक दुसरे रंगवाले होते. "पण प्रेक्षक काय त्यांनी विकत घेतलेत?" साहेब म्हणाले. स्टेडियमच्या वाटेवर मोठे रुमाल फुकट वाटायचे, असा त्यांचा बेत. अट एकच: छपाईत काही आक्षेपार्ह निघालं, तर भरपाई आमची, आणि तारण म्हणून दुकान आणि घर. भाऊ कां कू करत होता. मी सही ठोकून मोकळी झाले. माझ्या चित्रात खोट निघणार नाही, एवढी मला खात्री होती.

चित्र साधंच होतं. रुमालभर एक पिवळाधमक गोल. चेंडू म्हणा, सूर्य म्हणा, कोणाच्या बापाचा नाही. खाली ओळ: 'उन्हाला भितो कोण? रुमाल धरा सूर्याकडे!' साहेब खूश झाले.

त्या दिवसांत गावाचा रंगच पालटला होता. आयोजकांचे करड्या कोटातले तपासनीस दोघादोघांनी हिंडत, आणि ते गेले की मागे काहीतरी झाकलेलं असे. स्टेडियमच्या मुतारीतल्या बेसिनवरची कंपनीची नावंसुद्धा काळ्या पट्टीखाली गेली. आमच्या समोरच्या न्हाव्याने भिंतीवर चेंडू काढला होता. एका सकाळी तिथे नुसता पांढरा चुना. "चेंडू गोल असतो, हा माझा गुन्हा?" तो मला म्हणाला, पण अगदी हळू आवाजात. एरवी त्याचा आवाज चार घरं पलीकडे जातो.

मग त्यांच्यातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. एकट्याच, करडा कोट, बोलणं साखरेत घोळलेलं. ट्यूबलाइटखाली टेबलावर रुमाल पसरून त्यांनी कोपरा न कोपरा पाहिला, शाईवरून बोट फिरवलं.

"चित्र कोणाचं?"

"माझं."

"छान आहे. काहीच सापडत नाही." हे त्या जरा खेदानेच म्हणाल्या. मग एक रुमाल घडी करून त्यांनी पिशवीत टाकला. "एक नेते. आम्ही सगळं परत परत बघतो."

त्या गेल्यावर मी भावाला टाळी दिली. त्याने दिली, पण हात गार होता. तेव्हाच मला विचारायला हवं होतं.

सामन्याच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून उरलेला एक रुमाल मी खिडकीला अडकवला. टीव्ही लावला. वळून पाहिलं, तर पिवळ्या गोलात काहीतरी होतं. फिकट. करंडकाचे दोन कान, बारीक मान, भोवती ताऱ्यांचं कडं. घडी असेल म्हणून मी हात फिरवला. गेलं नाही. दुसरा रुमाल धरला. त्यातही तेच, त्याच जागी. स्पर्धेचं चिन्ह.

"इकडे ये," मी भावाला हाक मारली. "कोणती जाळी वापरलीस?"

छपाईची चौकट असते, तिला ताणून जाळी लावलेली. तिच्यातून शाई खाली उतरते. तो खिडकीतल्या रुमालाजवळ आला.

"मागच्या स्पर्धेची," तो म्हणाला. "तेव्हा त्यांचं चिन्ह छापायचं काम आपल्याकडेच होतं ना, परवान्याचं. धडधाकट जाळी होती गं ताई. धुतली, घासली. थोडा डाग राहिला. डागातून शाई जरा कमी उतरते, एवढंच. टेबलावर कळतसुद्धा नाही."

"नवी आण म्हणून सांगितलं होतं मी!"

"चांगली जाळी कशी टाकायची?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याची हनुवटी थरथरत होती, लहानपणी थरथरायची तशी, आणि मला रडूच आलं. मी साहेबांना फोन लावला.

"रुमाल वाटू नका."

"अहो, केव्हाच वाटले! लोक तुटून पडले."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे हे तुमच्या सहीत बसतं," साहेब अगदी शांतपणे म्हणाले आणि फोन ठेवला.

टीव्हीवर खेळाडू मैदानात उतरले. ऊन तिरपं झालं होतं. प्रेक्षकांचा समोरचा सगळा सज्जा उठून उभा राहिला आणि लोक माझीच ओळ एका सुरात ओरडू लागले. हजारो पिवळे रुमाल वर गेले. कॅमेरा संथपणे जवळ जवळ जात होता.

"दिसत नाही गं," भाऊ म्हणाला. "आपल्याला माहीत आहे म्हणून दिसतं."

मी टीव्ही बंद केला. तेव्हा लक्षात आलं की खाली कोणीतरी शटर वाजवत होतं. घाईने नाही, थांबून थांबून. मग तेही थांबलं. मी खिडकीतला रुमाल बाजूला सारून खाली पाहिलं. रस्त्याच्या मधोमध करड्या कोटातल्या बाई उभ्या होत्या, आणि आमच्याकडून नेलेला रुमाल त्यांनी दोन्ही हातांनी उंच, सूर्याकडे धरला होता. मी लिहिलं होतं अगदी तसाच.

भाऊ शटर उघडायला खाली गेला.